सोने, ऊद आणि बोळ : अर्पणाच्या एका प्रतीकाचा मराठी प्रवास

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेले मागी एका बालकापुढे दंडवत घालतात, आपल्या थैल्या सोडतात आणि तीन वस्तू त्याच्यापुढे ठेवतात. मूळ ग्रीक संहितेत या वस्तूंची केवळ नावे आहेत. त्या का आणल्या, त्यांचा अर्थ काय आणि पुढे त्यांचे काय झाले, याविषयी शुभवर्तमानकार एक अक्षरही लिहीत नाही. मागी तीन होते किंवा ते राजे होते, असेही तो म्हणत नाही. तीन ही संख्या वस्तूंवरून आली. राजेपण यशयाच्या साठाव्या अध्यायातून आणि बहात्तराव्या स्तोत्रातून त्यांच्या अंगावर चढले. सोने राजाला, धूप देवाला आणि बोळ मरणाधीन मानवाला, ही आज सर्वत्र प्रमाण मानली जाणारी त्रिसूत्री दुसऱ्या शतकात इरेनियसने मांडली. ती इतकी नेटकी आहे की तिच्यापुढे मूळ प्रसंगाचे मौन ऐकूच येईनासे झाले. ख्रिस्ती प्रतीकांविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यातही बहुधा या त्रिसूत्रीचाच अनुवाद आढळतो. प्रतीक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा त्याची वस्तू बदलते, वास बदलतो, त्याला लागलेली माणसे बदलतात. मराठीत हे काय घडले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

आरंभ शब्दांपासूनच करणे इष्ट ठरेल. प्रचलित मराठी बायबलात या वस्तूंना सोने, ऊद व गंधरस म्हटले आहे आणि त्यांना एकत्रितपणे ‘दाने’ हे नाव दिले आहे. यांपैकी ‘ऊद’ हा शब्द अनुवादकाने मोठ्या समजुतीने निवडला आहे. तिन्हीसांजेला धुपाटण्यातील निखाऱ्यावर पडणारा ऊद मराठी घराला परका नाही. तो गुरुवारच्या दत्ताच्या आरतीत आहे आणि दर्ग्याच्या उंबऱ्यावरही आहे. ‘गंधरस’ हा शब्द त्या मानाने कोरडा पडतो. संस्कृत कोशांत तो बोळाचाच पर्याय म्हणून येतो. परंतु बोलीत तो कधी रुजला नाही आणि वाचकाच्या मनात तो कसलाच वास जागा करीत नाही. ‘बोळ’ म्हटले असते तर सगळे चित्रच पालटले असते.

कारण बोळ ही वस्तू मराठी स्त्रीला चांगली ठाऊक आहे. हिराबोळ काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो आणि त्याचे घरगुती नाव ‘बाळंतबोळ’ असे आहे. शेक-शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी यांच्याबरोबर तो बाळंतिणीच्या खोलीतला. लॅटिन परंपरेने बोळात मृत्यू पाहिला आणि त्याला आधारही होता. क्रूसावर खिळण्यापूर्वी ख्रिस्ताला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो नाकारला, असे मार्क सांगतो. निकदेमाने देहाच्या दफनासाठी बोळ आणि अगरू यांचे सुमारे शंभर रोमन शेर मिश्रण आणले, असे योहान सांगतो. म्हणून पाळण्यापाशी ठेवलेला बोळ ही पुढील कबरीची पूर्वसूचना ठरली. हा अन्वय सुंदर आहे. पण तो शेवटापासून मागे वाचणाऱ्याचा अन्वय आहे. मराठी वाचक हा प्रसंग आरंभापासून पुढे वाचू लागला, तर त्याला प्रथम दिसते ती नुकतीच प्रसूत झालेली, आप्तांपासून दूर असलेली मरिया. आणि तिच्यासाठी कोणी परका बोळ घेऊन येतो. म्हणजे हा ‘बाळंतविडा’ झाला. मराठीत देण्याला किती नावे आहेत! राजाला नजराणा, देवाला नैवेद्य, ब्राह्मणाला दक्षिणा, लग्नघरी आहेर, बाळंतिणीला बाळंतविडा. मत्तयाच्या एका ग्रीक शब्दात यांतले काय काय सामावते, हे ‘दाने’ या सर्वसाधारण शब्दाने झाकून जाते. दानात देणारा वर असतो आणि घेणाऱ्याला पात्रता सिद्ध करावी लागते; मागी तर जमिनीवर पालथे पडून देत होते.

आता वाङ्मयाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चार दशकांनी तिथेच मरण पावला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पैले पुराण आणि दुसरे पुराण अशा दोन भागांतील दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ चर्चच्या छायेत लोकांना वाचून दाखविला जाई. स्टीफन्सने वैकुंठासारखे शब्द निःशंकपणे घेतले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध ओव्याही पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहेत. मात्र त्या ओव्यांतील एका निवडीकडे लक्ष वेधणे येथे आवश्यक आहे. भाषांमध्ये मराठीचे स्थान सांगताना तो सुगंधांतून कस्तुरीचा दृष्टांत घेतो. ज्याच्या हातात रोज धुपाटणे असे, ज्याच्या विधीत लोबानाचा धूर होता, त्या पाद्र्याला मराठीसाठी उपमान शोधताना लोबान सुचला नाही. विष्णूच्या भाळीचा टिळा जिचा, ती कस्तुरी सुचली. याला धर्मप्रचाराची युक्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्या सहजतेने हा दृष्टांत मोगरा आणि मोर यांच्या पंक्तीत येऊन बसतो, ती सहजता युक्तीने साधत नाही. भाषा कानांनी शिकलेल्या माणसाला शब्द मिळतात. तिच्यातला सुगंधांचा उतरंडीक्रम ज्याला कळला, तो त्या भाषेत वस्तीलाच आला म्हणावा लागेल.

या वस्तीची किंमत मात्र इतरांनी मोजली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती घरांतील तुळस, लग्नातील हळद, फुले आणि विडे, जात्यावरची व मांडवातली गाणी यांवर बंदी घातली. चर्चमध्ये धूप दरवळत राहिला आणि घरातला सुवास गुन्हा ठरला. अर्पणाच्या प्रतीकाचा इतिहास लिहिताना हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. देवाला कोणता वास आवडतो हे ठरविण्याचा अधिकार एकदा संस्थेकडे गेला, म्हणजे वासालाही पाखंड चिकटते.

लोकांनी त्यातूनही वाट काढली. बार्देश महालात मांडवीच्या मुखाशी फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी १५५५ मध्ये उभारलेले चर्च ‘रेइश मागुश’ म्हणजे मागी राजांच्याच नावाचे आहे. ६ जानेवारीला तिथे, चांदर येथे आणि कासावलीजवळच्या टेकडीवरील रेमेदियूस मातेच्या कपेलात तीन मुलगे राजवेशात मिरवत येतात. कासावलीची रीत विशेष लक्षणीय आहे. कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांतून एकेक राजा घोड्यावर बसून वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतो आणि वर तिघे भेटतात. मत्तयाने न सांगितलेली संख्या इथे तीन गावांच्या नात्याची संख्या झाली आहे. टीकाकारांनी पुराणाच्या ओव्यांत जितके शोधले, तितके या टेकडीच्या वाटांवर शोधलेले नाही, हे खेदाने नोंदवावेसे वाटते.

धूपाची कथा सोन्याहून अधिक गुंतागुंतीची आहे. यहुदी मंदिरासाठी निर्गम ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात धूपाची कृती दिली आहे आणि तो घरगुती उपयोगासाठी करू नये, अशी सक्त ताकीदही आहे. एकशे एकेचाळिसाव्या स्तोत्रात प्रार्थनाच धूपासारखी वर चढो असे मागणे येते. वस्तूचे रूपक होण्याची क्रिया इथेच सुरू झाली. प्रकटीकरणाच्या ग्रंथात तर सोन्याच्या वाट्यांतील धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असे उघडच म्हटले आहे. पण पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती माणसाला धूप म्हणजे प्रार्थना नव्हे, परीक्षा वाटे. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकणे म्हणजे सुटका. न टाकणे म्हणजे तुरुंग किंवा मरण. २५० मध्ये डेसियसच्या छळात ज्यांनी धूप टाकला, त्यांना समाजात एक स्वतंत्र, हिणकस नाव पडले. चौथ्या शतकात राज्यच ख्रिस्ती झाल्यावर हा धूप चर्चमध्ये आला. त्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमची यात्रा करणाऱ्या एगेरियाने पुनरुत्थानाच्या चर्चमध्ये धुपाटणी आणलेली पाहिली. ज्या वस्तूला नकार देऊन माणसे मेली, तीच वस्तू त्यांच्या थडग्यांपुढे जळू लागली.

प्रॉटेस्टंट सुधारणेने हा धूर पुन्हा विझविला. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाला धुपाटण्याची ओळखच राहिली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला तो या धूरविरहित उपासनेत. परंतु टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आले होते, हे त्यांनीच सांगितले आहे. वारकरी पंथाने कर्मकांडाचा भार हलका करून मानसपूजा आणि नामस्मरण यांना मोठेपण दिले. वस्तूंत उरले तुळशीचे पान आणि बुक्का. त्यामुळे टिळकांच्या भजनांत आणि अभंगांत अर्पणाची वस्तू जवळजवळ नेहमी मी हीच असते. प्रॉटेस्टंट शिस्तीने धूप नाकारला होता आणि संतपरंपरेला त्याची गरज फारशी उरली नव्हती; दोन निराळ्या नकारांचा तो संगम होय. यातून टिळकांच्या कवितेला एक उत्कट अंतर्मुखता लाभली, हे निर्विवाद. परंतु त्याच कारणाने तिची इंद्रियसंवेदना काही ठिकाणी क्षीण झाली, हेही म्हणायला हवे. निसर्गकवितेत फुलापाशी थबकणारा हा कवी ख्रिस्तचरित्रपर लेखनात वासांपाशी थबकत नाही. ‘ख्रिस्तायन’ ते अपुरे सोडून १९१९ मध्ये गेले. लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले आणि ते त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये शेणाचा, चुलीचा, सोवळ्या-ओवळ्याचा गंध ज्यांच्या गद्याला येतो, त्या लक्ष्मीबाईंची ही गद्यातली शक्ती महाकाव्याच्या संकेतांत पुरेशी खुलली नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या बोळाविषयी लिहायला त्यांच्याइतका अधिकारी हात मराठीत दुसरा नव्हता.

या टप्प्यावर झाशीचा विचार करणे उचित ठरेल. झाशीचे नाव ख्रिस्ती प्रतीकांच्या चर्चेत अनपेक्षित वाटेल. पण मराठी वाङ्मयाचा भूगोल महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमांवर संपत नाही, आणि या प्रतीकातील दोन वस्तूंची मुळे तर याच मध्य हिंदुस्थानाच्या आसपास सापडतात. बुंदेलखंड, शिवपुरी, श्योपूर या भागांतील उघड्या टेकड्यांवर सालईची झाडे आहेत. संस्कृतातली ही सल्लकी, हत्तीचे आवडते खाद्य. तिचा डिंक अरबी लोबानाच्या झाडाच्या सख्ख्या बहिणीचा. दुसरी वस्तू जटामांसी. योहानाच्या बाराव्या अध्यायात मरिया येशूच्या पायांना जे तेल लावते आणि ज्याच्या सुवासाने घर भरून जाते, त्यासाठी मराठी अनुवादकांनी जटामांसी हा अचूक शब्द वापरला आहे. ही हिमालयातली वनस्पती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवहीत ती उज्जैनमार्गे भडोचच्या बंदरात येई आणि लोबान सिंधूच्या मुखाशी उतरे, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मागी पूर्वेकडून पश्चिमेला गेले त्या काळी सुगंध दोन्ही दिशांनी चालत होते. सुगंधावर आणि चैनीवर हिंदुस्थान, चीन व अरबस्तान मिळून साम्राज्याचे वर्षाला दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, अशी प्लिनीची तक्रार आहे. धूप हिंदूंचा की ख्रिस्ती माणसाचा, हा अलीकडचा वाद या व्यापारी वाटांवरच्या कोणत्याही तांड्याला हास्यास्पद वाटला असता.

हा वाद खरोखरच झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी रोमने बारा अनुकूलने मान्य केली. त्यांत आरती होती, पंचांग प्रणाम होता, आणि साखळीच्या पाश्चात्त्य धुपाटण्याऐवजी मुठीचे साधे धूपपात्र वापरण्याची मोकळीक होती. त्यावर हिंदू बाजूने अनुकरणाचा आरोप झाला आणि कॅथलिकांपैकी काहींना ती भेसळ वाटली. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली : वस्तूला धर्म असतो. झाशीतील संत ज्यूड यांच्या तीर्थस्थानी २८ ऑक्टोबरच्या उत्सवाला येणारी गर्दी कोणत्याही एका धर्माची नसते; तिने हे गृहीतक केव्हाच सोडून दिलेले दिसते.

परंतु झाशीचे खरे महत्त्व मराठीत एका गद्यग्रंथामुळे आहे. पेणजवळच्या वरसईचा विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकाबरोबर उत्तरेकडे निघाला तो दक्षिणेसाठी. बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठा दानधर्म होणार, ही वार्ता कोकणात पोचली होती. घरावर कर्ज होते. उठाव पेटला आणि हा भिक्षुक त्यात सापडला. झाशीत त्याला आश्रय मिळाला. तिथेच त्याने वेढा आणि शहराचा पाडाव पाहिला. पुढे चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे लिहिले आणि ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोडसे भटजींच्या ग्रंथाला मागींच्या कथेशेजारी ठेवणे हा तौलनिक विनोद नव्हे. दोन्ही कथा लांबच्या प्रवासाच्या आहेत, दोन्हींच्या केंद्रस्थानी द्रव्य आहे आणि दोन्हींत त्या द्रव्याच्या पलीकडे एक मूल आणि एक घाबरलेली सत्ता उभी आहे. झाशीच्या गादीवर दत्तक घेतलेला बालक १८५४ मध्ये नामंजूर झाला, हे सांगायला नकोच. मत्तय भेटवस्तूंचे वर्णन एका वाक्यात आटोपतो आणि लगेच हेरोदाच्या आज्ञेने झालेल्या बालहत्येकडे वळतो. नाताळच्या देखाव्यांत तीन राजे असतात, उंट असतात. हेरोद क्वचित असतो. झाशीने मात्र ही कथा तिच्या उत्तरार्धासह भोगली आहे, आणि तीही दोन्ही बाजूंनी. ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत शरण आलेल्या ख्रिस्ती स्त्रिया आणि मुले मारली गेली. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहरात कत्तल केली. गोडसे तिचे वर्णन करतात तेव्हा आवाज चढवीत नाहीत. लूट कशी पायरीपायरीने उतरत गेली, आधी सोनेरुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड आणि धान्य, हे ते एखाद्या याज्ञिकाने सामग्रीची यादी सांगावी तसे सांगतात. अर्पणाची यादी आणि लुटीची यादी यांचे व्याकरण एकच असते, हे मराठी गद्यात इतक्या निर्लेपपणे दुसरीकडे कुठे प्रकट झालेले नाही.

इथे योहानाच्या त्या प्रसंगाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. जटामांसीचे तेल तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असा प्रश्न यहूदा विचारतो. दिनार ही एका मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे वर्षभराची कमाई एका सांजेत पायांवर ओतली गेली. शुभवर्तमानकार यहूदाला चोर म्हणून मोकळा होतो. पण प्रश्न चोराने विचारला म्हणून खोटा ठरत नाही, आणि ख्रिस्ती परंपरेतील प्रत्येक सोनेरी वेदीपुढे तो उभा राहिला आहे. त्याला तर्काने उत्तर देता येत नाही. ज्याच्याजवळ भरपूर आहे त्याच्या देण्याने तर मुळीच नाही. मागींचे सोने इथे उपयोगी पडत नाही. मरियेच्या बाबतीत ते उत्तर तिच्या मोकळ्या केसांत आहे, तेलाच्या किमतीत नाही, असे म्हणता येईल.

गोडसे भटजींची मिळकत वाटेत वारंवार लुटली गेली. यज्ञाच्या दक्षिणेसाठी निघालेला हा माणूस सुमारे अडीच वर्षांनी वरसईला परतला तेव्हा सांगण्यासारखे धन त्याच्यापाशी उरले नव्हते. होती ती गंगोदकाची कावड, खांद्यावर वाहून आणलेली. मागींप्रमाणे तोही दुसऱ्या वाटेने आपल्या देशी आला होता. त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. ग्रंथात त्या पाण्याची किंमत सांगितलेली नाही, त्याचा अर्थही सांगितलेला नाही. मत्तयानेही बोळाचा सांगितला नव्हता.